अर्धांगवायू, उपवास आणि अन्नाचा धर्म

अर्धांगवायूतून वाचलेल्या माणसाने एकादशी धरावी का, हा प्रश्न सातारा-सांगलीकडच्या वारकरी घरांत नेहमी उभा राहतो. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने पंढरीला जाते. ‘अंगावरून वारं गेलं’ आणि वारी सुटली, तरी निदान उपवास सुटू नये म्हणून रुग्ण हट्ट धरतो. या हट्टामागची श्रद्धा खरी आहे. म्हणून त्याचे उत्तरही धर्माच्या चौकटीतच शोधले पाहिजे.

आधी शरीराची गरज पाहू. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला की हातपाय लुळे पडतात आणि न वापरलेले स्नायू झपाट्याने झिजतात. व्यायामाने ते पुन्हा भरून यायचे, तर प्रथिने लागतात: मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर वयस्क रुग्णाला वजनाच्या किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नसते. उपवासाला चालणारे सैंधवही मीठच आहे, तेही रक्तदाब वाढवते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

शास्त्राने हे अशक्तपण ओळखले आहे. काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास पंढरपुरात रचलेला ‘धर्मसिंधु’ एकादशीच्या उपवासाला आठ ते ऐंशी अशी वयाची मर्यादा घालतो, अशक्तांना फळे, दूध, हविष्यान्न असे पर्याय देतो आणि पुत्र किंवा पत्नीने प्रतिनिधी म्हणून व्रत करण्याची मुभाही ठेवतो. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींच्या परंपरागत यादीत पाणी, कंदमुळे, फळे आणि दुधाबरोबर औषधही आहे. तेव्हा रक्तदाबाची गोळी उपवासासाठी चुकवण्याला कोणताही धार्मिक आधार नाही. इस्लाममध्येही रमजानच्या रोज्यातून आजाऱ्याला सूट आहे. बरे होण्याची आशा नसेल, तर त्याने फिदिया म्हणून गरिबाला जेवण द्यावे.

सूट म्हणजे कमीपणा, असे मात्र रुग्णाला वाटत राहते. इथे समर्थ रामदासांची बलोपासना उपयोगी पडते. चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, तसेच सांगली जिल्ह्यातील शिराळा आणि बहे-बोरगाव येथे त्यांनी मारुती स्थापले. शरीर कमावणे हा भक्तीचाच भाग, ही त्यामागची दृष्टी. ती मानली, तर पांगळ्या पायावर पुन्हा उभे राहण्यासाठी वेळेवर घेतलेले वरण, दही किंवा अंडे आणि रोजचा व्यायाम हीच उपासना ठरते. उपवासाचा हेतू इंद्रियांवर ताबा मिळवणे हा आहे. भूक नसताना, चव लागत नसताना नेमाने जेवणे हाही संयमच आहे.

तीर्थ-प्रसादाच्या बाबतीत मात्र सावधपणा हवा. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. पळीभर तीर्थही श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, कारण अशा रुग्णाला पाण्यासारखा पातळ पदार्थ सर्वांत अवघड जातो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तीर्थ कपाळाला लावणे पुरेसे आहे. पुढे सरळ बसवून, डॉक्टर सांगतील तितके दाट किंवा मऊ अन्न लहान घासांनी द्यावे. उजवा हात लुळा असेल, तर डाव्या हाताने प्रसाद घेण्यात अशुद्धता मानू नये. उजवा जमेल तसा ताटाशी आणत राहिल्यास त्यालाही सराव मिळतो.

शेवटचा प्रश्न अन्न नाकारण्याचा. सांगली भागातल्या जैन समाजात सल्लेखनेला, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मृत्यू स्वीकारण्याच्या व्रताला, मोठा मान आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला ती स्वीकारली. पण सल्लेखना शांत चित्ताने, गुरूंच्या अनुज्ञेने घेतली जाते. निराशेतून जेवण सोडणे म्हणजे ती नव्हे. झटक्यानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि त्यात भूक मरते. त्याला वैराग्य समजून घरच्यांनी स्वस्थ बसू नये. नैराश्यावर उपचार आहेत, आणि ते मिळवून देणे हे घरच्यांचे कर्तव्य आहे.