कठीण लाकडावरचे ओरखडे

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका मराठी कुटुंबाने घर घेतले. थोरला मुलगा, थोरली सून आणि आई. शिवाय स्वतःच्या घराची सोय होईपर्यंत धाकटा, त्याची बायको आणि त्यांची दोन मुले. दिवाणखान्याच्या जमिनीसाठी थोरल्याने जटोबाचे लाकूड निवडले. बाजारात त्याला ब्राझिलियन चेरी म्हणतात, पण हे झाड चिंचेच्या कुळातले आणि लाकूड भलतेच कठीण.

थोरल्याने आकडे पाहूनच निवड केली होती. लाकडाचा कठीणपणा मोजण्याची रीत गाब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकाने १९०६ साली घालून दिली. ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती जोर लागतो, ते पाहायचे. अमेरिकेत घरोघरी दिसणाऱ्या लाल ओकला सुमारे १२९० पौंड जोर लागतो, जटोबाला २३०० च्या वर. आपला सागसुद्धा या मापात ओकच्या मागेच पडतो.

पहिल्याच महिन्यात आईच्या हातून लोखंडी बत्ता निसटला. दणका घरभर ऐकू गेला. सगळे धावत आले, वाकून पाहू लागले. शोधून सापडेल एवढीच खूण उठली होती. थोरला खूश झाला. "या जमिनीला काही होत नाही," असे त्याने त्या दिवशी म्हटले आणि घराने ते मनावर घेतले. दारातले पायपुसणे गुंडाळून ठेवले गेले. बूट घालून लोक आत येऊ लागले. जेवणाच्या खुर्च्या उचलून ठेवायच्या त्या फरफटत सरकू लागल्या.

त्याच घरात आणखी एका माणसाबद्दल असेच बोलले जायचे. थोरल्याची नोकरी गेली तेव्हा थोरल्या सुनेने दोन ठिकाणी काम करून घर चालवले होते. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात रात्र रात्र उशाशी बसली होती ती तीच. कुणी तिला कोलमडलेले पाहिले नव्हते. त्यामुळे धाकटीशी बोलताना घर शब्द तोलून बोले आणि थोरलीशी बोलताना कसेही. पाहुणे जेवायला बोलावल्याचे तिला संध्याकाळी कळे. तिने केलेल्या भाजीला नावे ठेवली जात, तिची सुट्टी तिला न विचारता दुसऱ्याच्या कामाला लावली जाई. धाकटा हसत म्हणे, "वहिनीचं काय, वहिनी खंबीर आहे!"

दुसरा हिवाळा सरला. मार्चमधले तिरपे ऊन दिवाणखान्यात आले आणि लालसर तपकिरी जमिनीवर पांढुरक्या चऱ्यांचे जाळे दिसू लागले. फसवणूक झाली म्हणत थोरल्याने फ्लोअरिंगच्या कारागिराला बोलावले. तो नूअर्कला राहणारा, मूळचा ब्राझीलचा.

कारागीर गुडघ्यांवर बसला. त्याने विजेरी जमिनीला टेकवून आडवा उजेड टाकला आणि एकेका चऱ्यावरून नख फिरवले. मग दारापाशी जाऊन कोपऱ्यातली धूळ चिमटीत घेतली आणि थोरल्याच्या तळव्यावर ठेवली. ती खरखरीत होती.

"लाकूड अस्सल आहे," तो म्हणाला. "पोचा पडणं वेगळं आणि ओरखडा उठणं वेगळं. जड वस्तू पडली की लाकूड स्वतः झेलतं, तिथं कठीणपणा कामाला येतो. ओरखडा उठतो तो वरच्या पॉलियुरेथेनच्या थरावर. तो थर ओकवर असतो तसाच यावरही असतो. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेली वाळू आणि मीठ बुटांबरोबर आत येतं. वाळू म्हणजे गारगोटीचाच चुरा, तिच्यापुढं हा थर टिकत नाही. वर गडद लाकडावर चरे जास्तच उठून दिसतात. मऊ लाकूड लोक जपतात. कठीण लाकडाला जपावं लागतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही."

"मग आता?"

"चरे अजून लाकडापर्यंत गेलेले नाहीत. थर हलका घासून वर नवा हात दिला की भागेल. आणखी काही वर्षं गेली असती तर सगळं खोलवर तासावं लागलं असतं. हे लाकूड तासणं सोपं नाही."

तो गेल्यावर थोरल्याने पायपुसणे दारात अंथरले आणि खुर्च्यांच्या पायांना लावायला नमद्याच्या चकत्या मागवल्या. आई हे सगळे पाहत होती.

"जमिनीचं झालं," ती म्हणाली. "सूनबाईचं काय? मोठमोठे घाव तिनं झेलले म्हणून आपण रोजची वाळू तिच्यावर घासत राहिलो. मीसुद्धा."

थोरली सून काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, त्या मोठ्या दिवसांत मला कधी थकल्यासारखं वाटलं नाही. थकले ते या बारीकसारीक गोष्टींनी."

धाकट्याची मान खाली गेली. पुढच्या रविवारी त्याचे मित्र जेवायला यायचे होते. त्याने आधी वहिनीला विचारले आणि तिने "या रविवारी नको" म्हटल्यावर मित्रांना तसे कळवले. त्या घरात थोरलीचा नकार पहिल्यांदाच कुणी ऐकून घेतला होता.

तात्पर्य : मोठा घाव सोसण्याची ताकद असली म्हणजे रोजचे ओरखडे लागत नाहीत, असे नाही. घरातले जे माणूस सर्वांत खंबीर, त्याला सर्वांत कमी जपले जाते. म्हणून त्याची विचारपूस आधी करावी, आणि चरे वरवरचे आहेत तोवरच करावी.