वाढीव बळ आणि विवेक

मनुष्याला जे लाभले आहे त्याहून थोडे अधिक हवे असते. ही अधिकाची ओढ नसती तर विहिरी खोदल्या गेल्या नसत्या, समुद्रावर गलबते लोटली गेली नसती आणि आमच्या आजोबांच्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत धाडले नसते. तेव्हा या ओढीला सरसकट लोभ म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि ती कोठवर न्यावी आणि तिची किंमत कोणी मोजावी, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने पडतो. आम्हांला तो अगदी अनपेक्षित जागी, एका मोटारीच्या उघड्या बॉनेटखाली भेटला. विषय काहीसा परका वाटेल. तरी वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू उन्हाळ्यात रजेवर गेले असता त्यांच्या जागी दोन महिने काम पाहण्याचा योग आम्हांस आला. तेथे वसईकडचा एक तरुण भेटला. संगणकाच्या क्षेत्रातली चांगली नोकरी, लग्नाला दोन वर्षे झालेली, घरात पहिल्या बाळाची चाहूल. एका रविवारी त्याने जेवायला बोलावले आणि हात धुऊन होताच तो आम्हांस गॅरेजात घेऊन गेला. तेथे एक लाल रंगाची, दोनच आसनांची, छप्पर मागे दुमडता येणारी जुनी गाडी उभी होती. माझ्दा कंपनीची मियाटा. खिळखिळी झालेली गाडी विकत घेऊन दोन हिवाळे खपून त्याने ती स्वतःच्या हातांनी उभी केली होती.

‘‘फादर, हिला सुपरचार्जर बसवायचा आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पण एक गोष्ट मनाला टोचते आहे. तुम्हांला विचारावी म्हणतो.’’

आम्ही प्रश्न पुरता ऐकलाही नाही. ‘‘घरात बाळ येणार आणि तू हजारो डॉलर खेळण्यावर उधळणार?’’ असे बोलून गेलो. त्याने शांतपणे उत्तर दिले, ‘‘तो हिशेब आम्ही दोघांनी बसून केला आहे, फादर. बाळाचे वेगळे ठेवले आहेत. माझा प्रश्न दुसराच आहे.’’ प्रश्न ऐकण्यापूर्वीच उत्तर देण्याची खोड आम्हां उपदेशकांना फार लवकर जडते. आम्ही खजील झालो आणि समोरच्या स्टुलावर बसलो.

प्रश्न समजण्यासाठी आधी यंत्र समजणे आवश्यक आहे. इंजिनात पेट्रोल जळते ते हवेच्या आधाराने. १ किलो पेट्रोल नीट जळण्यास जवळजवळ १५ किलो हवा लागते. पेट्रोल अधिक सोडणे सोपे आहे. अडते ते हवेपाशी. पिस्टन खाली गेला की वातावरणाच्या स्वतःच्या दाबाने जेवढी हवा आत शिरेल तेवढीच. इंजिनाचा तो एक श्वास. सुपरचार्जर हा या श्वासात भर घालणारा भाता होय. याचा एक प्रकार अमेरिकेतील इंडियाना राज्यातील रूट्स नावाच्या दोघा भावांनी १८६० साली पेटंट घेतलेल्या यंत्रावरून आला आहे. ते यंत्र मोटारीसाठी नव्हतेच, ते कारखान्यांत हवा फुंकण्याकरिता होते. पुढे १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर यांनी इंजिनात दाबाने भरणा करण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने असा भाता बसवलेल्या गाड्या लोकांपुढे मांडल्या.

त्या तरुणाच्या गाडीत हा भाता पट्ट्याने फिरणार होता, आणि तो पट्टा फिरवणार होते इंजिनच. म्हणजे ज्याला बळ द्यायचे त्याच्याकडूनच आधी काही बळ उसने घ्यायचे. वातावरणाच्या दाबावर आणखी ४० टक्के दाब चढवला तर ११५ अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन दीडशेच्या घरात पोचते. परंतु दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता अवेळी पेट घेते, आणि तो अवेळीचा हातोडा पिस्टनवर बसू लागला तर इंजिन फार काळ टिकत नाही. म्हणून पेट्रोल अधिक सोडावे लागते, ते वरच्या प्रतीचे वापरावे लागते, ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते. एक गोष्ट वाढवली की तिच्या मागोमाग दहा गोष्टींना हात घालावा लागतो.

आता मूळ घडणीत ढवळाढवळ करणे हेच मुळात चुकीचे आहे काय? या वादाचे मोटारीच्या इतिहासात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इंग्लंडमधील डब्ल्यू. ओ. बेंटली हे स्वतः घडवलेल्या इंजिनाला सुपरचार्जर लावण्याच्या पूर्ण विरोधात होते. बळ हवे असेल तर इंजिनच मोठे बांधावे, असे त्यांचे मत. पण त्यांच्याच गाड्या शर्यतीत चालवणारे सर हेन्री बर्किन यांना ते पटले नाही. डोरोथी पॅजेट या श्रीमंत बाईंच्या पैशाने आणि अॅम्हर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्याच्या हुनराने त्यांनी साडेचार लिटरच्या बेंटलीच्या पुढच्या तोंडाशीच भाता बसवला. रस्त्यावरच्या गाडीची ११० अश्वशक्ती १७५ झाली. १९३० सालच्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत या गाड्या विजेसारख्या धावल्या आणि शेवटपर्यंत पोचल्या नाहीत. पहिला आणि दुसरा क्रमांक मिळवला तो बेंटलींच्या मोठ्या, भाता नसलेल्या गाड्यांनी.

इथवर वाचून कोणी म्हणेल, बोध स्पष्ट आहे. पण कथा इथे संपत नाही. त्याच वर्षी फ्रान्समधील पो येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत बर्किन यांनी भाता लावलेली तीच अवजड गाडी खास शर्यतीसाठी बांधलेल्या हलक्या गाड्यांमध्ये घालून दुसरा क्रमांक पटकावला. म्हणून, घडवणाऱ्याने आखलेली रेषा ओलांडणे हेच पाप, असे आम्हांला म्हणवत नाही. मूळ घडणीचा आदर करावा. तिची पूजा करू नये. त्या तरुणाने दोन हिवाळे बोटे काळी करून जे ज्ञान मिळवले, ते त्या गाडीविषयीच्या प्रेमातूनच मिळवले. ज्याने यंत्राचा प्रत्येक खिळा जाणला आहे, त्याला त्यात एक खिळा वाढवण्याचा अधिकार नाही, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

मात्र येथे एक अट येते. ती मियाटा १९८९ साली प्रथम लोकांपुढे आली तेव्हा तिच्या जपानी निर्मात्यांनी घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत ही कल्पना मनाशी धरली होती. गाडी १,००० किलोंहून हलकी. इंजिन माफक, ब्रेक माफक, टायर माफक, आणि सगळे एकमेकांना शोभणारे. यातले एकच अंग बळकट केले तर बाकीची अंगे दुबळी ठरतात. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला ब्रेकना चौपट अंतर लागते. हा नियम भाता बसवला म्हणून सवलत देत नाही. मोकळ्या मैदानातल्या शर्यतीत हा धोका ज्याने पत्करला त्याचाच असतो. सार्वजनिक रस्त्यावर तसे नसते. तेथे शाळेतून परतणारे पोर असते, काठी टेकत रस्ता ओलांडणारी म्हातारी असते. समोरून येणारी लहानशी गाडी पाहून ती मनाशी अंदाज बांधते आणि पाऊल टाकते. तिचा अंदाज खोटा ठरू नये, ही जबाबदारी त्या गाडीत वाढीव बळ दडवणाऱ्याची आहे. म्हणून आधी ब्रेक, आधी टायर, आणि मग भाता. विमा कंपनीला आधी खरे सांगणे, आणि मग गाडी रस्त्यावर आणणे. हा क्रम बदलला की छंदाचा अपराध होतो.

हे सारे त्या तरुणाला ठाऊक होते. त्याचा काटा वेगळाच होता. कॅलिफोर्नियात गाडीच्या धुराची तपासणी साधारणपणे दर दोन वर्षांनी होते आणि त्यात बॉनेट उघडूनही पाहतात. बाहेरून आणलेला सुपरचार्जर तेथील हवा मंडळाने तपासून मंजुरीचा क्रमांक दिलेला असेल तरच चालतो. त्याच्यापुढे दोन संच होते. एकाला क्रमांक होता. तो महाग होता आणि बळ बेताचेच देत होता. दुसरा स्वस्त, बळ अधिक, पण क्रमांक नाही. मित्रांनी तोड सुचवली होती: तपासणीच्या आदल्या रात्री भाता उतरवायचा, मूळचे भाग बसवायचे, कागद मिळाला की पुन्हा चढवायचा.

‘‘फादर,’’ तो म्हणाला, ‘‘तपासणीच्या दिवशी गाडी खरोखरच नियमाप्रमाणे असेल. मी एक शब्दही खोटा बोलणार नाही. मग यात खोटे कोठे आहे?’’

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला अशा प्रश्नांवर आम्ही हिरिरीने वाद घालीत असू. शब्द खरा पण मनात राखून ठेवलेला अर्थ वेगळा, हे असत्य की नव्हे, यावर मोठमोठ्या पंडितांनी काथ्याकूट केला आहे. परंतु उत्तर सापडायला पुस्तक लागत नाही. तपासनीस विचारतो ते ‘आज ही गाडी कशी आहे’ एवढेच नसते. तो विचारतो, ‘तू रोज कोणती गाडी चालवतोस?’ त्याला दाखवायची ती गाडी फक्त त्याला दाखवण्यापुरतीच अस्तित्वात असेल, तर तोंड मिटलेले असले तरी हात खोटे बोलले.

‘‘पण एका गाडीच्या धुराने काय होणार?’’ त्याने शेवटचा प्रश्न टाकला. याचे उत्तर त्याच भूमीने दिले आहे. १९४३ च्या जुलैत लॉस एंजेलिस शहरावर असा धूसर पडदा उतरला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले. कारण कोणालाच कळेना. पुढे पॅसाडीना येथे अननसाच्या स्वादाचे संशोधन करणारे आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ या कोड्याकडे वळले आणि १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांच्या वायूंवर ऊन पडले की हे विष तयार होते. त्यात एकही अशी गाडी नव्हती की जी एकटी दोषी ठरावी. १९६७ मध्ये कायद्याने हवा मंडळ निर्माण झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. दाबाने भरलेल्या इंजिनात पेट्रोल जास्त सोडले की ते पुरते जळत नाही. ज्वलनाची उष्णता वाढली की नायट्रोजनचे विषारी वायू वाढतात. मंजुरीचा तो क्रमांक म्हणजे एवढेच आश्वासन, की तुझ्या आनंदाची किंमत शेजाऱ्याच्या फुप्फुसातून वसूल होत नाही.

आम्ही हे सारे त्याला सांगितले. आणि सांगता सांगता आमची जीभ अडखळली. कारण आम्हांला आमची स्कूटर आठवली. आपल्याकडे तिला पीयूसी प्रमाणपत्र लागते. एका पावसाळ्यात, कामाच्या धांदलीत, आम्ही स्कूटर अंगणातच ठेवून एका मुलाच्या हाती तिचा नंबर आणि पैसे धाडले होते. तासाभरात शिक्कामोर्तब झालेला कागद आला. स्कूटरच्या नळीतून धूर किती निघतो हे त्या कागदावर लिहिले होते, आणि स्कूटर जागची हललीही नव्हती. या तरुणाने निदान रात्रभर जागून पाने फिरवण्याचा विचार तरी केला होता. आम्ही तेवढेही कष्ट घेतले नव्हते. आम्ही ते त्याला सांगितले. तो हसला नाही. ‘‘मग फादर, आपण दोघेही एकाच रांगेत,’’ एवढेच म्हणाला.

मायदेशी परतल्यावर हा विषय आम्ही थोडा चाळला. आपला मोटार वाहन कायदा याबाबत अधिक कडक आहे. कलम ५२ अन्वये नोंदणीच्या कागदाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. कायदा देशागणिक निराळा असतो. त्यामागचा प्रश्न मात्र एकच असतो: तू जे बळ वाढवतोस त्याचा भार कोणावर पडतो, आणि ज्यांच्यावर पडतो त्यांना तू खरे सांगितले आहेस काय? हा प्रश्न गाडीपुरता नाही. वाढवलेली माडी, वाढवलेला धंदा, वाढवलेला अधिकार, कोणत्याही वाढीला तो विचारता येतो. पाया तेवढाच ठेवून मजले चढवणारे आपल्या ओळखीत कमी नाहीत.

पुढल्या नाताळात त्या तरुणाचे पत्र आले. मुलगी झाली होती. गाडीचे ब्रेक आणि टायर बदलून झाले होते. क्रमांक असलेल्या संचासाठी पैसे साठवणे चालू होते आणि त्याला आणखी वर्ष लागणार होते. त्यानंतरच्या वर्षी एक छायाचित्र आले. बॉनेट उघडे, आत चकाकणारा भाता, आणि शेजारी मंजुरीच्या क्रमांकाची छोटी चकती. मागे त्याने लिहिले होते, ‘‘फादर, चढावर आता धाप लागत नाही. बाळ अजून हिच्यात बसत नाही, त्यामुळे रविवारीच बाहेर काढतो.’’

आम्हांला त्या छायाचित्राचा मनापासून आनंद झाला. आता आमच्या स्कूटरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली की आम्ही स्वतः ती घेऊन जातो. भर उन्हात रांगेत उभे राहावे लागते. मागच्या खेपेस ती नापास झाली. कार्ब्युरेटर साफ करून दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यावी लागली.