तिसऱ्यांदा विचारणं

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या शाळेत संस्कृत शिकवत होते तेव्हा नचिकेताची गोष्ट मी दरवर्षी सांगायची. मुलांना यमाच्या दारातला भाग आवडायचा. मला मात्र त्याच्या आधीचा प्रसंग मोठा वाटतो. त्याच्या बापानं, वाजश्रवसानं, यज्ञ मांडला आहे, सर्वस्व दान करतो असा संकल्प सोडला आहे आणि दान म्हणून ज्या गाई चालल्या आहेत त्या म्हाताऱ्या आणि भाकड आहेत. मंडपातल्या सगळ्यांना हे दिसत असणारच. बोलतो एक पोरगा. तोही "बाबा, हे खोटं आहे" असं म्हणत नाही. तो विचारतो, मला कुणाला देणार? बाप ऐकून न ऐकल्यासारखं करतो. मुलगा पुन्हा विचारतो. तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा बाप भडकतो आणि त्याला मृत्यूला देऊन मोकळा होतो.

या प्रसंगाच्या तोंडाशीच कठोपनिषद एक गोष्ट नोंदवतं आणि आपण ती भरभर वाचून पुढे जातो. त्या गाई नेल्या जात असताना मुलाच्या मनात श्रद्धा शिरली, आणि म्हणून तो विचार करू लागला. शंका शिरली असं तिथे म्हटलेलं नाही. आमच्याकडे लहानपणापासून उलटं शिकवतात: विचारतो तो अश्रद्ध, उद्धट, शुभकार्यात मोडता घालणारा. कठोपनिषदाचा मुलगा विचारतो, कारण यज्ञ खरा व्हावा असं त्या मंडपात बहुधा त्याला एकट्यालाच वाटतं आहे.

विधिमंडळातला विरोधी बाकावरचा आमदार मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारतो, त्याकडे मी याच नजरेनं पाहते. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं, त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त कागदावर येतं. पुष्कळ तारांकित प्रश्नही प्रश्नोत्तराच्या तासात पुकारलेच जात नाहीत आणि त्यांची उत्तरं यादीत छापून राहतात. वर्तमानपत्रांत घोषणांचे फोटो येतात, पायऱ्यांवर बसलेल्यांचे येतात. ही यादी कुणी वाचत नाही. माझा चुलतभाऊ वाचतो. नागपूरला अधिवेशन असलं की तो कुणाकडून तरी ती मिळवतो आणि भंडाऱ्याचा उल्लेख असलेली पानं दुमडून माझ्याकडे आणतो.

आमचं माहेर वैनगंगेच्या काठचं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि आमच्या बांध्या, देऊळ, घाट सगळं बुडीत क्षेत्र झालं. ३७२ कोटींचा प्रकल्प २०१६ पर्यंत १८ हजार कोटींच्या वर गेला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजवण्याचा तो संकल्प. एवढ्या मोठ्या संकल्पाचा हिशेब कुणी तरी ओळीओळीनं मागायलाच हवा, आणि तो मागण्याचं साधन म्हणजे ही यादी.

एकदा भावानं आणलेल्या पानावर एका गावच्या पाण्याच्या टाकीचा प्रश्न होता. कोणत्या आमदारांचा, कोणत्या खात्याला, ते सांगत नाही. ठरलेल्या साच्यात लिहिलेला प्रश्न: (१) मे महिन्यात टाकीत पाणी चढलेच नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत चौकशी करण्यात आली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली उत्तर: (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही. भाऊ म्हणाला, "ताई, दोन दिवस चढलं होतं ना पाणी. त्या दोन दिवसांवर सगळा मे महिना निभावला."

उत्तर खोटं नव्हतं. हेच मला त्या दिवशी झोपू देईना. "चढलेच नाही" यातला "च" धरून पहिला भाग नाकारला की पुढचे भाग आपोआप गळून पडतात, आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन चालल्या ते सत्य कागदावर कुठेच उरत नाही. आपल्याकडे या प्रकाराला नाव आहे: नरो वा कुंजरो वा. धर्मराजाचं वाक्य अक्षरशः खरं होतं, अश्वत्थामा नावाचा हत्ती मेलाच होता. तरीही महाभारतानं ते त्याला माफ केलं नाही. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला आणि पुढे त्याला नरकाचं दर्शनही घ्यावं लागलं. शब्द खरा असला म्हणून सत्य सांगून झालं असं होत नाही, ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरावं अशी इच्छा होती त्यावर ते ठरतं. व्यासांनी हे एका राजाबद्दल ठरवलं आहे, तेव्हा मंत्र्यांनाही ते लागू व्हावं असं मी मानते.

म्हणून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारण्याला एवढी किंमत आहे. इंग्रजांनी १८९२ च्या कायद्यानं कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारू दिले, पण उत्तरावर उपप्रश्न विचारायची सोय ठेवली नाही. १८९३ साली भिंग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावरच्या साहेबांना रसद पुरवताना गावोगावचे छोटे दुकानदार भरडले जात होते, त्यांच्याबद्दलचा. या देशातला पहिला संसदीय प्रश्न किराणा विकणाऱ्या गरीब माणसासाठी विचारला गेला, याचा मला आनंद वाटतो. उपप्रश्नाचा हक्क मात्र १९०९ साली आला. पहिल्यांदा विचारू द्यायला सत्ता तयार होते. फिरून विचारणारा तिला सहन होत नाही, आणि वाजश्रवसाचंही तेच झालं होतं.

विचारणारा कसा असावा, याबद्दल आमच्या भंडाऱ्यानं देशाला एक मोठा निवाडा दिला आहे. जिल्ह्यात तो फारसा कुणाला माहीत नाही. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत भंडारा लोकसभेची जागा दुहेरी होती: एक सर्वसाधारण, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले चतुर्भुज जसानी ज्या पेढीत भागीदार होते, तिचा लष्कराच्या कॅन्टीनला विड्या पुरवण्याचा करार सरकारशी होता. विडी हा आमच्या भागाचा जुना धंदा, त्यात कुणाला गैर वाटावं असं काही नव्हतं. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५४ साली न्यायालयानं सांगितलं की सरकारशी असा करार असलेला माणूस सभासद होऊ शकत नाही, कारण त्याचं कर्तव्य आणि त्याचा लाभ एकमेकांना छेदतात. त्याच निकालात दुसराही एक प्रश्न होता. राखीव जागेवरच्या एका इच्छुकाचा अर्ज, तो महानुभाव पंथात गेला म्हणून आता महार उरला नाही, असं म्हणून फेटाळला होता. पंथ घेतल्यानं त्याची जात सुटली नाही, असं न्यायालयानं ठरवलं आणि ती निवडणूकही रद्द झाली. त्यावर जी पोटनिवडणूक झाली तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे राहिले आणि आम्ही त्यांना पाडलं. "आम्ही" म्हणते, कारण माझ्या वडिलांच्या पिढीचं ते मत होतं आणि त्याचं ओझं मला नाकारता येत नाही. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. एका बाजूनं दिल्लीत विरोधी आवाज पाठवला आणि दुसऱ्या बाजूनं देशातला सर्वांत मोठा प्रश्नकर्ता लोकसभेबाहेर ठेवला, असं ते वर्ष.

विड्यांच्या कराराचा निवाडा मला यमाच्या लालुचीकडे घेऊन जातो. यमानं दिलेल्या तीन वरांपैकी तिसरा मागताना नचिकेत मृत्यूपलीकडचं विचारतो आणि यम म्हणतो, हे सोड, दुसरं काहीही माग: गाई, हत्ती, सोनं, शंभर वर्षं जगणारी मुलंनातवंडं. मुलगा घेत नाही. घेणारेही असतात: डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांना संसदेनं काढून टाकलं, त्यांत दोघे महाराष्ट्रातले होते. ज्याचा प्रश्न विकत घेता येतो त्याचं मौनही विकत घेता येतं. म्हणून एखाद्या आमदारानं किती प्रश्न विचारले यापेक्षा कोणता प्रश्न सोडायला त्यानं नकार दिला, हे मी पाहते.

प्रश्न पक्षाचा असतो की दुःख भोगणाऱ्याचा? नाना पटोले भंडारा-गोंदियाचे भाजपचे खासदार असताना, पंतप्रधानांना प्रश्न विचारलेले आवडत नाहीत, असं २०१७ मध्ये जाहीरपणे बोलले आणि त्याच डिसेंबरात त्यांनी खासदारकी सोडली. पुढे काँग्रेसकडून साकोलीचे आमदार झाले, विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि आता विरोधी बाकावर आहेत. अध्यक्षाला प्रश्न दाखल करून घेता येतात, स्वतः विचारता येत नाहीत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागली, १७ पैकी १० बाळं गेली, तेव्हा ते त्या खुर्चीवर होते आणि प्रश्न विचारण्याचं काम भाजपकडे होतं. आज बाजू बदलल्या आहेत. त्या वेळी जे विचारत होते ते आता उत्तर देण्याच्या जागी बसतात. राज्यातल्या प्रत्येक शिशू कक्षाची अग्निसुरक्षा तपासणी झाली का, हा प्रश्न मात्र बाक बदलून कुठेही जात नाही. उत्तर देणाऱ्यांनी आपणच एकदा काय विचारलं होतं ते काढून वाचावं. आता विचारणाऱ्यांनी, आपण सत्तेत असताना काय उत्तर दिलं होतं, ते समोर ठेवावं.

१ जुलै २०२५ ला पटोले अध्यक्षांच्या आसनाजवळ गेले आणि दिवसभरासाठी निलंबित झाले. शेतकऱ्यांच्या अपमानाचा राग त्यामागे होता आणि तो राग मला कळतो. तरी निलंबित आमदाराला त्या दिवशी उपप्रश्न विचारता येत नाही, हे मला जास्त लागतं. नचिकेतानं यमाकडे सर्वांत आधी काय मागितलं ते आठवतं: माझ्या बापाचा राग शांत होवो, मी परत जाईन तेव्हा त्यानं मला ओळखावं. ज्या बापानं मरणाला दिलं त्याच्यासाठी पहिला वर. मंत्र्याला प्रश्न विचारताना त्या मंत्र्याचंही भलं चिंतावं, एवढं मोठं मन मी कुणाकडून हक्कानं मागू शकत नाही. पण ते असलं तर प्रश्न नेमका होतो, त्यातला "च" गळतो आणि नाकारायला जागा राहत नाही.

आणि उत्तर आल्यावर काम सुरू होतं. "तपासून कार्यवाही करण्यात येईल" असं मंत्री सभागृहात म्हणाले की ते आश्वासन ठरतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. टाकीच्या त्या उत्तरात आश्वासनही नव्हतं. भावानं पंपाच्या वहीतल्या मे महिन्याच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आहेत, तारीखवार. पुढच्या अधिवेशनाआधी त्या आमदारांकडे जातील. या वेळी प्रश्नात लिहायचं आहे: मे महिन्यात किती दिवस पाणी चढले?