सेवा, सक्ती आणि सरकारी तिजोरी

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ जागांसाठी दर दोन वर्षांनी निवडणूक होते. त्या निवडणुकीतील उमेदवारांच्या भाषणांत दोन वचने वारंवार कानी पडतात. सरकारी खर्चाला कात्री लावू, हे एक. आणि तरुणांना राष्ट्रसेवेची दीक्षा देऊ, हे दुसरे. पुष्कळदा ही दोन्ही एकाच मुखातून बाहेर पडतात आणि त्यांत काही विसंगती आहे असे श्रोत्यांनाही वाटत नाही. सेवा म्हटली की ती विनामूल्य, हा आपणा सर्वांचाच समज. तो कितपत खरा, हे पाहू.

१९३२ साली फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्षपदासाठी उभे होते. ऑक्टोबर महिन्यात पिट्सबर्ग येथील सभेत त्यांनी सरकारी खर्चात २५ टक्के कपात करण्याच्या आपल्या पक्षाच्या अभिवचनाचा पुनरुच्चार केला. सत्ता हाती येताच मार्च १९३३ मध्ये त्यांनी काटकसरीचा कायदा संमत करून घेतला. सरकारी नोकरांचे पगार उतरले आणि माजी सैनिकांना मिळणाऱ्या रकमांनाही कात्री लागली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर' नावाची योजना सुरू केली. बेकार, अविवाहित तरुणांनी रानावनांतील छावण्यांत राहायचे, झाडे लावायची, बांध घालायचे, रस्ते करायचे. महिना ३० डॉलर मिळत; त्यांपैकी सुमारे २५ डॉलर थेट घरी पाठविले जात. १९४२ पर्यंत जवळजवळ ३० लाख तरुण त्या छावण्यांतून गेले आणि सुमारे ३०० कोटी झाडे लावली गेली. (कृष्णवर्णीय तरुणांच्या छावण्या बहुधा वेगळ्या असत, हेही येथे नोंदवले पाहिजे. राष्ट्रसेवेतील 'राष्ट्र' कोणाचे, हा प्रश्न तेव्हाही होताच.)

मे १९३३ मध्ये ज्यांच्या रकमा कापल्या गेल्या ते माजी सैनिक राजधानीत गाऱ्हाणे मांडायला आले, तेव्हा त्यांना याच छावण्यांत कामाची संधी देऊ करण्यात आली. ज्यांनी खंदकांत आपली उमेद घालवली त्यांच्या सेवेचे मोल उतरवून त्यांच्याकडे पुन्हा नवी सेवा मागितली गेली. रूझवेल्ट यांना दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. त्या छावण्यांनी लाखो घरांतील चूल पेटती ठेवली. पण झालेल्या सेवेविषयीची कृतज्ञता आणि होऊ घातलेल्या सेवेचे आवाहन या दोन गोष्टी एकाच वहीत मांडाव्या लागतात. ती वही उमेदवार सहसा उघडत नाहीत.

मग शासनाला एखाद्याच्या आयुष्याचे एक वर्ष मागण्याचा अधिकार आहे काय? तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सुचविले होते, की युद्धामुळे अंगी येणारी शिस्त आणि त्यागबुद्धी हवी असेल, तर सर्व तरुणांना निसर्गाशी झुंजण्याच्या कष्टाच्या कामांवर धाडावे. विल्यम बकली हे कॅथलिक आणि कट्टर परंपरावादी लेखक. शासनाचा पसारा वाढू नये म्हणून त्यांनी आयुष्यभर लेखणी झिजवली. त्यांनीच १९९० मध्ये 'ग्रॅटिट्यूड' हे पुस्तक लिहून राष्ट्रसेवेचा पुरस्कार केला. त्यांचा विचार असा : पूर्वजांनी घडविलेला सारा वारसा आपल्याला फुकट मिळतो, त्याची परतफेड करता येत नसली, तरी ऋण मान्य करण्याची एक रीत असावी. त्यांनी उघड सक्ती मागितली नाही, पण सेवा करणाऱ्यास सवलती आणि टाळणाऱ्याची काही अडचण, एवढे त्यांना मान्य होते. उलट बाजूस अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन. सक्तीची लष्करभरती १९७३ मध्ये संपुष्टात आली, तिच्यामागे त्यांच्या युक्तिवादाचा मोठा वाटा होता. सक्तीने घेतलेले श्रम अंदाजपत्रकात दिसत नाहीत, म्हणून ते फुकटचे ठरत नाहीत. तो तरुणांवर लादलेला कर आहे, असे ते म्हणत. हा मुद्दा मला निरुत्तर करणारा वाटतो. खर्च कमी झाला असे म्हणताना तो कोणाच्या खांद्यावर गेला, हे विचारायलाच हवे. बहुतेक वेळा तो घरातल्या बाईच्या खांद्यावर जातो, आणि तिचे नाव कुठल्याच योजनेत नसते.

१९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी कायद्यावर सही करून 'अमेरिकॉर्प्स' स्थापन केली. पूर्ण मुदतीच्या सेवेकऱ्याने वर्षभरात १७०० तास शाळांत, दवाखान्यांत, आपद्‌ग्रस्तांत काम करायचे. त्याला पोटापुरता भत्ता आणि शेवटी शिक्षणासाठी काही रक्कम. टीकाकारांनी लगेच थट्टा केली : पगारी स्वयंसेवक! विरोधात मत देणाऱ्यांत सिनेटर जॉन मॅकेन होते. खर्चाच्या बाबतीत ते कमालीचे काटेकोर. सहकाऱ्यांनी अंदाजपत्रकात घुसडलेल्या खिरापतींवर ते तुटून पडत. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे बंदिवास सोसलेल्या आणि इतरांआधी सुटका नाकारलेल्या या माणसाला सेवेचा अर्थ कोणी शिकवायला नको होता. त्यांनीच २००१ मध्ये आपले मत बदलल्याचे जाहीरपणे लिहिले आणि सेवेकऱ्यांची संख्या ५० हजारांवरून अडीच लाखांवर नेण्याचे विधेयक डेमोक्रॅटिक पक्षाच्या एव्हन बे यांच्यासह मांडले. २००९ च्या कायद्याने तोच आकडा मान्य केला. पैसे मात्र कधी दिले गेले नाहीत, आणि तो कधीच गाठला गेला नाही.

पैशाने सेवेचा विटाळ होतो काय? दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात त्या परदेशी माणसाची करुणा आपल्या ध्यानात राहते. पण त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन नाणी ठेवली, हेही तिथेच आहे. मालकाने ती घेतली आणि जखमी माणसाची देखभाल केली. त्याची देखभाल खोटी होती असे कोणी म्हटलेले नाही. शिवाय विनामूल्य सेवा हा बापाच्या जिवावर जेवणाऱ्या मुलांचा मक्ता होऊ शकतो. ज्याच्या कमाईवर घर चालते, त्या मुलाला भत्ता दिला तरच तो वर्षभर दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकतो.

तरीही एक हरकत उरते आणि ती मला हलकी वाटत नाही. ज्या वसंतात रूझवेल्ट यांच्या छावण्या उघडल्या, त्याच १९३३ च्या १ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी 'कॅथलिक वर्कर' हे पत्र सुरू केले. भुकेल्याला वाढण्याचे काम शासनाकडे सोपवून मोकळे होता येत नाही, ते ज्याने त्याने स्वतः करायचे, अशी त्यांची धारणा. धर्मादाय संस्थांना मिळणारी करसवलतही त्यांनी मागितली नाही. दया करण्यासाठी सरकारी परवाना कशाला? खर्चकपातीचा उमेदवार हेच शब्द उसने घेतो. फरक एवढाच की डोरोथी डे त्या रांगेतल्या माणसांसोबत राहत होत्या.

आणि कपात तरी केवढी? अमेरिकॉर्प्सचा खर्च वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलर. २०२४ या आर्थिक वर्षात संघ सरकारचा एकूण खर्च पावणेसात हजार अब्जांच्या घरात होता. तरी एप्रिल २०२५ मध्ये शासनाने सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने एकाएकी रद्द केली आणि कित्येक तरुणांना वर्ष अर्धवट टाकून घरी जाण्यास सांगितले. अनेक राज्यांनी दावा लावला. जून २०२५ मध्ये मेरीलँडमधील संघीय न्यायालयाने दावा करणाऱ्या राज्यांपुरती अनुदाने पूर्ववत करण्याचा आदेश दिला. ज्या राज्यांनी दावा केला नव्हता, तेथील सेवेकऱ्यांना त्या आदेशाचा आधार नव्हता.