दहा की चौदा?

२×३+४ बरोबर किती? फराळाचे ताट पुढे असताना मास्तराने गणित घालावे, याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. पण या गणिताचे ओझे मी बरीच वर्षे मनात वागवीत आलो आहे.

उत्तर १०, हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मात्र १४ लिहिले. तिने आधी ३ आणि ४ मिळवले, मग दुप्पट केली. मी लाल फुली मारली.

"पण सर, गुणाकारच आधी का?"

"कंचेभागुबेव! नियम आहे म्हणून."

वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर त्या मुलीने मला एकही प्रश्न विचारला नाही.

पुढे केनेथ आयव्हर्सन या कॅनडात जन्मलेल्या गणितज्ञाविषयी वाचनात आले. हार्वर्ड विद्यापीठात शिकवीत असताना त्याला रूढ गणिती चिन्हांतील विसंगती खटकू लागली आणि त्याने स्वतःची चिन्हलिपी रचली. १९६२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढे तिचीच 'एपीएल' ही संगणकाची भाषा झाली. या भाषेत एकेक संख्या न घेता संख्यांची अख्खी ओळ एकदम हाताळता येते. शिवाय तिथे चिन्हांचे मानपान नाहीत. प्रत्येक चिन्हाने आपल्या उजवीकडचे सगळे आधी उरकू द्यावे, एवढा एकच नियम. म्हणजे त्या भाषेत २×३+४ बरोबर १४!

मी चरकलो. आपल्या रीतीने त्या मुलीचे उत्तर चूकच होते. पण गुणाकार आधी करावा, हा काही सृष्टीचा नियम नव्हे. रस्त्याने डावीकडून जावे, तसाच तो माणसांनी सोयीसाठी ठरवलेला संकेत आहे. मी मात्र तो सत्य म्हणून तिच्या माथी मारला होता.

मग गणितातले सत्य कोणते? त्याच भाषेत १ ३ ५ ७ ९ अशी ओळ लिहावी आणि तिच्या आधी +\ ही दोन चिन्हे मांडावीत. लगेच चढत्या बेरजा मिळतात: १ ४ ९ १६ २५. साऱ्या वर्गसंख्या! कोणत्याही लिपीत लिहा, यात बदल होत नाही. यंत्र हा चमत्कार मुलांना आपला आपण शोधू देते. पण असे का होते, हे ते सांगत नाही. ते कळते दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीत. एक ठिपका द्या. त्याच्या दोन बाजूंना काटकोनात तीन द्या, चौरस होतो. मग तसेच पाच, मग सात. दर वेळी चौरसच!

दोन लिप्यांनी मुले गोंधळतील, असे कोणी म्हणेल. पण घरची बोली आणि पुस्तकाची भाषा मुले एकाच वेळी सांभाळतातच ना? उलट दुसरी रीत पाहिल्यावरच आपली रीत ही एक रीत आहे, हे उमगते.

संकेत पाळायला लावण्यासाठी मास्तराला अधिकार वापरावा लागतो. सत्याला त्याच्या अधिकाराची गरज नसते. हा भेद मुलांपासून लपवणे, हे मला आता एक प्रकारचे असत्य वाटते.

हल्ली अशा उत्तरापुढे मी लिहितो: "आपल्या रीतीने १०. तुला १४ कसे मिळाले, ते सांग." मुले सांगतात, आणि मीही शिकतो. त्या जुन्या वहीवरची फुली मात्र आता माझ्या हातून पुसली जाणार नाही.