तिच्या जागी ड्युटीला कोण?

पंडरी म्हटले की रायपूरच्या माणसाला आधी कापडबाजार आठवतो, मग जुना बस स्टँड. स्टँड भाठागावला गेला, बाजार आहे तिथेच आहे. जिल्हा रुग्णालयही याच पंडरीत आहे. मोठ्या दुखण्याला लोक मेकाहारा या मोठ्या सरकारी रुग्णालयाचे नाहीतर टाटीबंधच्या एम्सचे नाव घेतात. रोजच्या दुखण्याखुपण्याला, बाळाच्या लसीला जिल्हा रुग्णालय. अशा कोणत्याही रुग्णालयाची पाटी डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते, पण आतला गाडा ओढतात त्या बहुतेक बायका: स्टाफ नर्स, एएनएम, लॅब टेक्निशियन, आया, सफाईवाल्या. त्यांतल्या पुष्कळजणी ऐन विशी-तिशीत असतात. म्हणजे मूल होण्याचे आणि मूल लहान असण्याचे हेच वय. या धंद्यात गरोदरपण ही वर्षाचे बाराही महिने कुठे ना कुठे घडणारी गोष्ट आहे, आणि तरीही प्रत्येक वेळी ते अचानक आलेले संकट असल्यासारखे रोस्टर नव्याने लावले जाते.

छत्तीसगडच्या सरकारी आरोग्यसेवेत माणसे एका जातीची नाहीत. कुणी नियमित, कुणी संविदा म्हणजे करारावरची, कुणी रुग्णालयाच्या जीवनदीप समितीतून घेतलेली, कुणी आउटसोर्स कंपनीची, कुणी कलेक्टर दराच्या रोजंदारीवर. वॉर्ड एक, पेशंट एकच, इंजेक्शनचा ट्रेही एकच. दोघींचे काम पाहून कोण कुठली हे ओळखता येणार नाही. ते ओळखू येते दिवस राहिल्यावर. नियमित सिस्टर 180 दिवसांच्या पगारी रजेचा अर्ज देते आणि निर्धास्त घरी जाते. संविदावाली आधी करार कधी संपतो ते बघते. कंपनीची बाई तर विचारतच नाही. ती सांगते, की गावाला जाते, आणि परत येईल तेव्हा जागा असेल तर असेल.

कायद्यात यातले काहीच बसत नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने बारा आठवडे दिले, 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ते 26 केले. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, तरी 26 आठवडे आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर या गोष्टी तशाच राहिल्या. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केले की हक्क लागू. मजुरी रोजंदारीची आहे म्हणून तो नाकारता येत नाही, हे दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टर रोलवरच्या बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितले. पुढे दिल्लीतल्या जनकपुरीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयातल्या एका कंत्राटी डॉक्टरचे प्रकरण आले. तिने जून 2017 पासून प्रसूती रजा मागितली होती. करार 11 जूनला संपत होता, म्हणून तिला 11 दिवसांची रजा मिळाली. करार संपला तरी मातृत्वाचा लाभ संपत नाही, असा निकाल लागला तो 17 ऑगस्ट 2023 ला. तोवर ज्या मुलासाठी रजा मागितली ते शाळेत जाऊ लागले असेल.

आपल्याकडेही तेच. कबीरधामच्या जिल्हा रुग्णालयातल्या एका संविदा स्टाफ नर्सला 2024 च्या सुरुवातीला मुलगी झाली. रजा मंजूर झाली, पगार झाला नाही. बिलासपूरच्या उच्च न्यायालयात जावे लागले, आणि 2025 मध्ये न्यायालयाने सरकारला ठराविक मुदतीत निर्णय घ्यायला सांगितले. तान्हे मूल घेऊन वकिलाकडे खेटे घालणे किती जणींना जमते, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

हे सगळे वाचून सरकारला शिव्या द्याव्या असे वाटते, आणि द्यायलाही हरकत नाही. पण मला खरी गाठ दुसरीकडे दिसते. रजा मिळाली की प्रश्न सुटला, असे आपण धरून चालतो. रुग्णालयात तसे होत नाही. कार्यालयातला कारकून सहा महिने रजेवर गेला तर फाईल थांबते. सिस्टर रजेवर गेली तर वॉर्ड थांबत नाही. तिची नाईट उरलेल्यांत वाटली जाते. सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा पाळ्या चालणाऱ्या ठिकाणी एक माणूस कमी झाले की महिन्याला आणखी दोन-तीन नाइट कुणाच्या तरी बोकांडी बसतात. ती 'कुणीतरी' बहुधा तिचीच मैत्रीण असते, आणि तिच्या घरी दोन वर्षांचे मूल असते. मग ड्युटी रूममध्ये कुजबुज सुरू होते. पुन्हा दिवस राहिले वाटते. हिचे बरे आहे. सरकारने दिलेल्या हक्काचे बिल अशा रीतीने सहकारी बायका भरतात, आणि ज्याच्यावर रागवायचे तो समोर नसल्याने एकमेकींवर रागावतात.

यावरचा उपाय नवा नाही, कागदावर आहे. नर्सिंगच्या मनुष्यबळाच्या निकषांत भारतीय परिचर्या परिषदेने लागणाऱ्या संख्येवर सुमारे 30 टक्के लिव्ह रिझर्व्ह धरायला सांगितले आहे. म्हणजे रजा, आजारपण, बाळंतपण होणारच, असे गृहीत धरून त्यासाठी माणसे आधीपासून ठेवायची. पण जिथे मंजूर पदेच रिकामी राहतात तिथे राखीव पदे कोण भरणार? 18 ऑगस्ट 2025 पासून छत्तीसगडमधले राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे (एनएचएम) सुमारे 16 हजार संविदा कर्मचारी बेमुदत संपावर गेले आणि महिनाभराहून अधिक काळ बाहेर राहिले. मागण्या नियमितीकरणाच्या, ग्रेड पेच्या, कॅशलेस विम्याच्या होत्या. वर्तमानपत्रांत तो पगाराचा संप म्हणून छापून आला. माझ्या मते तो बाळंतपणाचाही संप होता, कारण नोकरी कायम नसेल तर रजा हा शब्द पोकळ आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि त्याचे उत्तर ज्यांनी सर्वांत स्वच्छ दिले त्यांचेच नाव मेकाहाराच्या पाटीवर आहे. डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती चिकित्सालय असे त्या रुग्णालयाचे पूर्ण नाव. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मांडलेली गोष्ट अशी होती: प्रसूतीआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा तिचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, मालकही मोकळा नाही, कारण बाईला कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो. मुंबईचा कायदा 1929 ला झाला, मध्य प्रांताचा 1930 ला. तेव्हा रायपूरचा कारभार नागपूरहून चाले, म्हणजे पंडरीच्या मुलखाला मातृत्वाचा पहिला कायदा मिळाला तो नागपूरहून. अर्थात तो कारखान्यांतल्या बायकांसाठी होता. दवाखान्यातली दाई त्यात नव्हती.

पुढे कायदे मोठे होत गेले, पण बाबासाहेबांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग गळून पडला. ईएसआयच्या छत्राखाली असलेल्यांना विम्यातून पैसे मिळतात. तेथे पगाराची मर्यादा 21 हजार आहे. त्यावरच्या सगळ्यांचे 26 आठवड्यांचे वेतन एकट्या मालकाने द्यायचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2000 चा 183 क्रमांकाचा करार आठवड्यांच्या बाबतीत आपल्यापेक्षा कंजूष आहे, किमान 14 च मागतो. पण खर्च एकट्या मालकाच्या गळ्यात मारू नका, विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून करा, हे तो बजावून सांगतो. आपण नेमके उलटे केले: आठवडे वाढवले आणि भार एकाच खांद्यावर ठेवला. वीस खाटांच्या नर्सिंग होमचा मालक-डॉक्टर मुलाखतीत 'लग्न कधी करणार?' असे का विचारतो, याचे उत्तर इथे आहे. त्याचे समर्थन मला करायचे नाही. पण त्याच्या हिशेबाला हातच न लावता त्याला नीतीचे धडे दिले, तर तो फक्त मुलाखतीतला प्रश्न बदलेल. 2018 मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने मालकांना सात आठवड्यांचे वेतन परत देण्याचा प्रस्ताव मांडला होता. तो प्रस्तावच राहिला.

नर्सिंगच्या बाबतीत या उदासीनतेला एक जुने मूळ आहे. हा पेशा घडलाच मुळी संसार नसलेल्या बाईच्या आकाराचा. कमलाताई होस्पेट बालविधवा होत्या. नागपुरात सुईणीचे शिक्षण घेऊन त्यांनी वेणूताई नेने यांच्यासह 1921 मध्ये मातृसेवा संघ उभा केला. समाजाने टाकलेल्या बायकांना पांढऱ्या साडीत मान आणि पगार मिळवून देणारे ते काम फार मोठे होते. विदर्भातल्या कितीतरी घरांतली तीन पिढ्यांची माणसे त्यांच्याकडे जन्मली. पण तिथून 'सेवा' आणि 'घर नसणे' यांची जी सांगड लोकांच्या मनात बसली ती सुटली नाही. सैन्याच्या नर्सिंग सेवेत तर ती नियमातच होती. 1977 च्या एका सूचनेनुसार लग्न हे नोकरीतून काढण्याचे कारण ठरत असे. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना 1988 मध्ये याच कारणाने घरी पाठवले गेले. ती सूचना 1995 मध्ये मागे घेतली, आणि सेलिना यांना 60 लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो फेब्रुवारी 2024 मध्ये. छत्तीस वर्षे! चंडीगडच्या पीजीआयमधल्या नर्सचा खटलाही असाच डोळ्यांत भरणारा. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची दोन मुले तिने सांभाळली, त्यांच्यासाठी बालसंगोपन रजा घेतली. स्वतःचे पहिले मूल झाले तेव्हा कार्यालय म्हणाले, हे तुमचे तिसरे. 2022 मध्ये न्यायालयाने तिला रजा दिली आणि कुटुंब एकाच साच्याचे नसते, असे बजावले.

थोडा हिशेबही करू. रुग्णालयाच्या भिंतीवर पोस्टर असते: पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. सहा महिने म्हणजे 26 आठवडे. कायद्याची रजाही 26 आठवडे, पण तीत प्रसूतीआधीचे आठ आठवडे धरता येतात. ते घेतले तर उरले अठरा. पोस्टर समजावून सांगणारी सिस्टर स्वतः ते पाळू शकत नाही. पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा कायद्यात आहे; पण पाळणाघर मनाने कार्यालयाचे, दहा ते सहाचे. रात्री दोनला ज्या आईचे दूध दाटते तिच्यासाठी ते बंद असते. म्हणून मग बेमेतराहून आई येते, बालाघाटहून सासूबाई येतात, आणि पंडरी-मोव्याकडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आरोग्यसेवेचा खरा आधार नातवाला मांडीवर घेऊन बसतो. कुठल्याही बजेटात या बाईचा उल्लेख नसतो.

बाप या गोष्टीत फार कमी येतो. केंद्राच्या नोकरीत त्याला 15 दिवस आहेत. खासगीत कायद्याने एकही नाही. स्वीडनने 1974 पासून पालकरजा दोघांची केली. आता तेथे एका मुलामागे 480 दिवस मिळतात, त्यांतले 90 दिवस बापाने नाही घेतले तर बुडतात. आपल्या वॉर्डबॉयला आणि निवासी डॉक्टरला असे 'बुडणारे' दिवस दिले, तर मुलाखतीतला तो प्रश्न पुरुषांनाही विचारावा लागेल. प्रश्न निरर्थक करण्याचा तोच एक मार्ग मला दिसतो. आपल्याकडे मात्र उलटेच घडते. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाली, त्यानंतर 2024 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने महिला डॉक्टरांना रात्रपाळी शक्यतो देऊ नये असे फर्मान काढले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मागे घ्यायला लावले. बाईची अडचण दिसली की बाईलाच कमी करायचे, ही आपली जुनी युक्ती.

छत्तीसगडला वेगळे काही सुचत नाही असे मात्र नाही. दल्ली राजहराच्या खाण कामगार संघटनेची उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचारांअभावी गेली, तेव्हा शंकर गुहा नियोगींच्या संघटनेने स्वतःचे रुग्णालय काढायचे ठरवले. 1983 मध्ये उघडलेले ते शहीद रुग्णालय कामगारांच्या वर्गणीवर आणि श्रमदानावर उभे राहिले. बिलासपूरजवळच्या गनियारीत जन स्वास्थ्य सहयोगच्या डॉक्टरांनी शेतमजूर आयांच्या सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी फुलवाऱ्या सुरू केल्या. साधारण दहा मुलांमागे गावातलीच एक बाई. पुढे राज्य सरकारने हीच कल्पना उचलली. जंगलातल्या शेतमजूर बाईच्या मुलासाठी जे जमले ते शहरातल्या रुग्णालयाच्या आवारात, स्वतःच्या स्टाफसाठी, रात्री का जमू नये? जागा लागते एका खोलीची. तीन पाळ्यांत मिळून चार-सहा बाया लागतात. मितानिन म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्तीचे घरोघरी फिरणारे जाळे 2002 पासून उभारून दाखवणाऱ्या राज्याला हे अवघड नाही.

म्हणून मागणे तीन. संविदा आणि आउटसोर्सच्या बायकांची प्रसूती रजा राज्याच्या एका निधीतून द्यावी, म्हणजे करार कुणाचा हा प्रश्नच उरणार नाही. खासगी नर्सिंग होमकडून थोडी थोडी वर्गणी घेऊन त्यांनाही त्याच निधीत आणावे. आणि राखीव पदे भरावीत. याच्याशिवाय आधीच्या दोन्ही गोष्टी लटक्या आहेत. पहिल्या दोन्हींना विधिमंडळ लागेल. तिसरीची सुरुवात तुमच्या-माझ्यापासून होऊ शकते. जीवनदीप समित्यांवर लोकप्रतिनिधी आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी असतात. महाराष्ट्रात रुग्ण कल्याण समित्यांवर असतात. त्यांच्यापैकी कुणाला ओळखत असाल, तर पुढच्या बैठकीआधी एवढेच लेखी विचारा: या वर्षी किती जणी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि त्यांतल्या किती जणींच्या जागी माणूस दिले? दोन्ही आकडे मागा, आणि दुसरा आला नाही तर पुन्हा मागा.