गरीब पोरगं

"पोरगं लई गरीब आहे हो." आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात मुलाची याहून मोठी तारीफ नाही. गरीब म्हणजे स्वभावानं. मान वर करून बोलत नाही, बापाच्या शब्दाबाहेर जात नाही. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे शेती किती, पाणी कुठलं हे विचारून झालं की हेही विचारून घेतात. ही तारीफ तीसेक वर्षं माझ्याही वाट्याला आली. त्या गरीबपणाची किंमत घरात दुसरंच कुणी भरत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

धाडसाची आमच्याकडची कल्पना ठरलेली आहे. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे. शिवरायांचे हे आजोबा सतराव्या शतकाच्या आरंभी इंदापूरच्या लढाईत पडले. शूर माणूस कसा असतो, हे आम्ही त्या गढीकडे बघत शिकलो. मग घरात एखादं भित्रं पोर निघालं की त्याला धीट करण्याचे उपायही त्याच जातीचे असतात. त्याला तालमीत घालायचं, विहिरीत ढकलून पोहायला शिकवायचं, नाहीतर रात्री दारं धरायला पाठवायचं.

मला तिसरा उपाय झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, भाटघरचं पाणी इथवर पोचलं आणि या भागात ऊस उभा राहिला. पाटाची पाळी असो की विहिरीवरची मोटर, पाणी येतं ते बऱ्याचदा रात्रीच. मी तेरा वर्षांचा असताना वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, खांद्यावर खोरं आणि हातात बॅटरी देऊन मला एकट्याला उसात पाठवलं. पाचटात काही सळसळलं की छाती धडधडायची. एका सरीचं पाणी टोकाला पोचलं की दारं मोडून पुढच्या सरीला लावायचं, आणि तोवर बांधावर बसून राहायचं. पायाखालचा गारवा पाण्याचा की सापाचा, हे बॅटरी मारल्याशिवाय कळत नसे. दोन उन्हाळ्यांत भीती गेली. गावात सगळे म्हणू लागले, पोरगं धीट झालं.

अंधाराची भीती गेली, अण्णांची गेली नाही. अण्णांनी मला कधी मारलं नाही, शिवीही दिली नाही. तरी त्यांच्यासमोर "मला असं वाटतं" हे तीन शब्द माझ्या तोंडून निघत नसत. याला स्वभाव म्हणून सोडून देतात. मला त्याची मुळं जमिनीत दिसतात. सातबारा बापाच्या नावावर. सोसायटीचं कर्ज त्याच्या सहीनं, कारखान्याचा शेअर त्याचा, उसाचं बिल त्याच्या खात्यात. पोरगा पस्तिशीला आला तरी मोटरसायकलच्या पेट्रोलला हात पसरतो. वडिलोपार्जित जमिनीत त्याचा जन्मानं हक्क असतो खरा, पण "वाटप" हा शब्द घरात उच्चारणं म्हणजे बाप जिवंत असताना त्याचं तेरावं घालणं. अशा घरात मुलगा गरीब निघाला नाही तरच नवल.

अण्णांची बाजूही मला ठाऊक आहे. त्यांच्या ऐन तारुण्यात उजनीचं धरण झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. त्या गावचे लोक ते बघायला जातात आणि गप्प परत येतात. ज्या पिढीनं शेजारच्यांच्या जमिनी अशा जाताना पाहिल्या, ती उरलेल्या एकराला घट्ट धरणारच. त्या पिढीला तुकडे होण्याची धास्ती आहे, लोभ नाही. पण आपल्या धास्तीपुढं लेकरांनी गप्पच राहावं, हा हट्ट त्यातूनच आला.

आजोबा गेल्यानंतरचा एक दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दोन्ही आत्या हक्कसोड द्यायला तालुक्याला आल्या होत्या. मी दहा वर्षांचा. कचेरीबाहेर लिंबाखाली बसून थोरल्या आत्यानं अंगठ्याची शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसली. बाहेरून डाग दिसू नये म्हणून. मग अण्णांनी दोघींना लुगडी घेतली, मला भेळ दिली. आत्या म्हणाली, "भावाचं दार उघडं राहिलं, बास." पुढं वाचताना कळलं, महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं उभं केलं. त्यातल्या उरल्यासुरल्या शंका सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली मिटवल्या. कायदा इतका पुढं आला, तरी लिंबाखालची गर्दी हटली नाही. कारण त्या कागदावर बहिणीच्या अंगठ्याइतकीच भावाची मुकी संमती असते. "घरच्यांचं ठरलंय, मी काय बोलणार?" हुंड्याच्या बैठकीत हेच वाक्य, बायकोला घरात टोचून बोलतात तेव्हाही हेच. गरीब पोरगं कुणाचं वाईट करत नाही म्हणतात. मला हे आता पटत नाही.

उजनीचं पाणी ओलांडलं की करमाळा तालुका लागतो. तिथल्या नेरल्याचे किशोर काळे. आई शांताबाई तमाशात नाचणारी. कागदावर लावायला बापाचं नाव नाही. आई लांब गेलेली, पोरगं आजोळी राबत, मार खात शिकलं आणि डॉक्टर झालं. १९९४ साली 'ग्रंथाली'नं 'कोल्हाट्याचं पोर' काढलं तेव्हा पुस्तकावर लेखकाचं नाव होतं किशोर शांताबाई काळे. २००७ साली ते अपघातात गेले. त्या मधल्या नावाकडे मी पुनःपुन्हा परत येतो. आयुष्यभर ज्या रकान्यावरून खाली मान घालायला लावली, त्याच रकान्यात त्यांनी आईला बसवलं. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव कागदोपत्री आणलं. हा माणूस त्याच्या तीस वर्षं आधी ते लावून मोकळा झाला होता. त्याच करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त शेवटी जब्या दगड भिरकावतो, तेव्हा थिएटरात अंगावर काटा येतो. पण आमच्यासारख्यांना दगड उचलता येत नाही, कारण समोर आपलाच बाप उभा असतो आणि त्याच्यावर आपला जीव असतो. आमच्या कामाला किशोर काळ्यांची वाट येते. आपलं म्हणणं, जिथं लिहायचं तिथं, आपल्या हातानं लिहायचं.

चार वर्षांपूर्वी अण्णांनी ताईची हक्कसोड करून घ्यायचं ठरवलं. "माझ्या माघारी भांडणं नकोत." कागद तयार झाला, गुरुवारी तालुक्याला जायचं होतं. बुधवारी जेवण झाल्यावर ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी म्हणालो, "अण्णा, ताईचा हक्क राहू द्या." आवाज तेरा वर्षांच्या पोरासारखा निघाला. अडकित्ता थांबला. "कुणी शिकवलं? बायकोनं?" मी म्हणालो, "कुणी नाही. मीच म्हणतोय." ते उठून आत गेले.

रात्री ताईचा फोन आला. ती माझ्यावरच चिडली होती. "तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला? माझं माहेर तुटंल ना." त्या वेळी मला आत्याचा पदर आठवला. धाडस केलं की ज्याच्यासाठी केलं तो आधी घाबरतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला एवढंच म्हणालो, "माहेर मी हाय तोवर हाय. कागदावर अवलंबून नाही." ती रडली, फोन ठेवला.

हक्कसोडीचा कागद आजवर झालेला नाही. ताईचं नावही अजून सातबाऱ्यावर चढलेलं नाही. ते काम माझ्याकडं आहे.

त्या बुधवारनंतर अण्णा अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाराव्या रात्री पाण्याची पाळी आली. मी खोरं घेऊन निघालो तर दारात त्यांचा आवाज आला, "बॅटरी घे. उसात बिबट्या दिसलाय म्हणत्यात." आणि चपला घालून तेही माझ्यामागं निघाले.